ब्रुकलिनची तपकिरी घरे

अमेरिकेस जाऊन आलेल्या मनुष्याने काय काय सांगावयाचे, याचा एक पाठ आता आपल्या घरोघरी ठरून गेला आहे. नायगाऱ्याचा प्रपात, न्यूयॉर्कच्या बंदरातील मशालधारी मूर्ती, वॉशिंग्टन येथील शुभ्र प्रासाद आणि मुलीच्या घरामागील हिरवळ, एवढे सांगून झाले की पाठ संपला. तो पाठ आम्हीही परत आल्यापासून चार ठिकाणी म्हणून दाखविला आहे. परंतु ज्या एका दिवसाची आठवण आम्हांस अद्याप स्वस्थ बसू देत नाही, त्याचा उल्लेख आम्ही आजवर कोणापाशी केलेला नाही. तो दिवस आम्ही ब्रुकलिन भागातील एका साध्या रस्त्यावर, परक्याच्या दारातील पायऱ्यांवर बसून घालविला. त्या रस्त्याचे नाव चॉन्सी स्ट्रीट. प्रवाशाने मुद्दाम वाट वाकडी करून पाहावे असे तेथे काही नाही. आहेत ती केवळ घरे. त्या घरांविषयी आणि त्यांत वाढलेल्या एका मुलीविषयी दोन शब्द लिहावे, असे योजिले आहे.

निमित्त झाले ते एका पुस्तकाचे. आमची नात न्यू जर्सीत जन्मली आणि तेथेच वाढली. वय पंधरा वर्षांचे. मराठी चांगले बोलते, वाचताना मात्र अडखळते. तिच्या शाळेने सुटीत एक कादंबरी वाचून निबंध लिहावयास सांगितला होता. विषय असा की, कादंबरीतील घराची तुमच्या कुटुंबाच्या आठवणीतील एखाद्या घराशी तुलना करा. साहजिकच ती आमच्या मागे लागली. "आजोबा, पुण्याच्या वाड्याचं तुम्हीच सांगू शकाल," असे म्हणून तिने पुस्तक आमच्या हाती ठेवले आणि अट घातली की, पुस्तक वाचून झाल्याखेरीज वाड्याचा विषय काढावयाचा नाही. आम्ही ते दोन रात्रींत वाचून काढले.

पुस्तकाचे नाव 'ब्राउन गर्ल, ब्राउनस्टोन्स'. ते १९५९ साली प्रसिद्ध झाले. लेखिका पॉल मार्शल (१९२९–२०१९) हिचा जन्म ब्रुकलिनचाच. आईबाप मात्र वेस्ट इंडीजपैकी बार्बाडोस बेटावरून आलेले. सेलिना बॉइस नावाच्या दहा वर्षांच्या मुलीपासून कथेस प्रारंभ होतो आणि ती तरुण होऊन घराबाहेर पडते तेथे ती संपते. कृष्णवर्णीय लेखकांनी अशा वाढत्या वयाच्या कथा पुष्कळ लिहिल्या आहेत. जेम्स बॉल्डविन याची हार्लेममधील मुलाची कथा 'गो टेल इट ऑन द माउंटन' आणि जॉर्ज लॅमिंग याची बार्बाडोसमधील खेड्याची कथा 'इन द कॅसल ऑफ माय स्किन' ही दोन्ही १९५३ सालची; जमेका किंकेड हिची अँटिग्वा बेटावरील 'अ‍ॅनी जॉन' १९८५ ची. मूल वाढते म्हणजे आईबापांपासून हळूहळू निराळे होते, हे जगात सर्वत्र सारखेच. परंतु या कथांतील मुलांस आणखी एक धडा शिकावा लागतो. जग आपल्या कातडीकडे पाहून आपली पायरी आधीच ठरवून बसले आहे, हे त्यांस एके दिवशी अकस्मात कळते. आणि ज्यांचे आईबाप समुद्र ओलांडून आलेले, त्यांच्यापुढे तर आपले घर कोणते, हाही प्रश्न उभा असतो. हा दुसरा प्रश्न आमच्या नातीसही नवा नव्हता. म्हणूनच की काय, पुस्तकातील रस्ता प्रत्यक्ष पाहावा, अशी इच्छा तिनेच प्रथम बोलून दाखविली.

एका शनिवारी सकाळी आम्ही उभयता आणि नात असे तिघे निघालो. हडसन नदीखालील बोगद्यातून मॅनहॅटनला आलो आणि तेथे 'ए' नावाच्या भुयारी आगगाडीत बसलो. ब्रुकलिनच्या फुल्टन स्ट्रीटखालून जाणारा हा मार्ग १९३६ साली खुला झाला. त्यामुळे उत्तरेकडील हार्लेम आणि इकडील बेडफर्ड-स्टायव्हेसंट या दोन वस्त्या एका गाडीने जोडल्या गेल्या आणि हार्लेमच्या दाटीस कंटाळलेली कृष्णवर्णीय कुटुंबे इकडे येऊ लागली. ड्यूक एलिंग्टनच्या वाद्यवृंदाची सुप्रसिद्ध धून याच गाडीच्या नावाची आहे, असे नातीने सांगितले आणि ती गुणगुणूनही दाखविली. युटिका अ‍ॅव्हेन्यू या स्टेशनावर आम्ही उतरलो.

प्रथम दक्षिणेकडे पाऊण मैल चालून वीक्सव्हिल येथे गेलो. बर्गन स्ट्रीटवर चोहोंकडे अलीकडील इमारती आणि मध्येच, रस्त्याच्या आखणीशी काटकोन न साधणारी, काही जुनी लाकडी घरे. लहान खिडक्या, उतरती छपरे, पुढे हिरवळ. न्यूयॉर्क राज्यात गुलामगिरी १८२७ साली संपली. त्यानंतर अकराच वर्षांनी, १८३८ साली, जेम्स वीक्स नावाच्या कृष्णवर्णीय गृहस्थाने येथे जमीन खरेदी केली आणि त्याच्या नावाने स्वतंत्र कृष्णवर्णीयांची वसाहत उभी राहिली. जमीन घेण्यात निवाऱ्याहून मोठा हेतू होता. राज्याच्या १८२१ च्या घटनेप्रमाणे कृष्णवर्णीय पुरुषास मत द्यावयाचे तर त्याची अडीचशे डॉलरांची स्थावर मिळकत असावी लागे. गोऱ्यांची अशी अट याच सुमारास उठत चालली होती. कृष्णवर्णीयांची ती १८७० पर्यंत राहिली. म्हणजे येथील माणसास घर हा शब्दशः नागरिकत्वाचा दाखला होता. पुढे शहर वाढले, वसाहत त्यात बुडाली आणि तिचे नावही लोक विसरले. १९६८ साली एका इतिहासाभ्यासकाने विमानातून खाली पाहता जुन्या, बुजलेल्या वाटेच्या कडेची ही घरे हेरली, आणि रहिवाशांनी खटपट करून ती वाचविली. नातीने वहीत लिहून घेतले: 'घर असेल तर मत.'

तेथून परत फिरून फुल्टन स्ट्रीट ओलांडला. फुल्टन पार्क नावाची एक चिंचोळी बाग लागते. वाफेच्या बोटीचा प्रवर्तक रॉबर्ट फुल्टन याचा पुतळा तीत आहे. कादंबरीतील सेलिना मन भरून आले की याच बागेकडे धाव घेते. बागेच्या कडेनेच चॉन्सी स्ट्रीट जातो.

आता ही घरे कशी असतात ते सांगितले पाहिजे. एकास एक चिकटून उभी अशी तीन-चार मजली घरांची रांग. दर्शनी भाग गडद तपकिरी. घर वस्तुतः विटांचे. पुढल्या बाजूस मात्र काही इंच जाडीचा वालुकाश्म बसविलेला असतो. हा दगड पुष्कळसा कनेक्टिकट राज्यातील पोर्टलंड येथील खाणींतून नदीमार्गे येई. तो मऊ असल्याने त्यावर पाने, फुले, मुखवटे कोरणे सोपे जाते. परंतु थर उभे राहतील अशा रीतीने तो बसविला तर पावसाथंडीने त्याचे पापुद्रे सुटतात. कित्येक घरांवर ते सुटलेले दिसले. रस्त्यापासून दहा-बारा उंच पायऱ्या चढल्या की दिवाणखान्याचा मजला. त्या पायऱ्यांस येथे 'स्टूप' म्हणतात. डच वसाहतवाल्यांनी मागे ठेवलेला हा शब्द. पायऱ्यांच्या पोटात एक लहान लोखंडी दार असते, त्यातून खालच्या स्वयंपाकघरात जाता येते. पाहुणा वरून आणि घरचे माणूस खालून, हा बेत पाहून आम्हांस आमच्या वाड्याचा दिंडीदरवाजा आणि मागील बोळातील दार यांची आठवण झाली. संध्याकाळी पायऱ्यांवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याची विचारपूस करावयाची, हीही चाल आपल्या ओट्याचीच.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही घरे सुखवस्तू गोऱ्या कुटुंबांकरिता बांधली गेली. कृष्णवर्णीय माणसे येऊ लागली तशी ती कुटुंबे निघून गेली. १९३८ साली सरकारी गृहकर्ज मंडळाने ब्रुकलिनचा नकाशा तयार केला, त्यात हा भाग तांबड्या रंगाने रंगविला. तांबडा रंग म्हणजे येथे कर्ज देणे धोक्याचे. घर दुरुस्त करावयास वा विकत घ्यावयास पेढी पैसा देईना. अशा काळात बार्बाडोसची मंडळी ही घरे घेण्याचा ध्यास धरून बसली होती.

बार्बाडोस हे आपल्या मुंबईहूनही आकाराने लहान बेट. क्षेत्रफळ सुमारे ४३१ चौरस किलोमीटर. १६२७ पासून इंग्रजांच्या ताब्यात. सगळी जमीन उसाच्या मळ्यांखाली. राबणारे आफ्रिकेतून आणलेले गुलाम. १८३४ साली गुलामगिरी कायद्याने गेली, मळेवाल्यांच्या हातची जमीन मात्र गेली नाही. १९०४ ते १९१४ या काळात पनामाचा कालवा खणावयास तेथून सुमारे वीस हजार पुरुष करारावर गेले. त्या कामावर पगाराच्या दोन याद्या असत: गोऱ्या अमेरिकनांची सोन्याची आणि काळ्या मजुरांची चांदीची. त्या चांदीच्या यादीवरील पैशातून कित्येक भावांनी बहिणींस न्यूयॉर्कचे तिकीट काढून दिले. या बायका ब्रुकलिनला आल्या, पहाटे उठून गोऱ्या वस्तीतील रस्त्यांच्या कोपऱ्यावर उभ्या राहिल्या आणि दिवसाच्या मजुरीचा भाव ठरवून परक्यांच्या फरश्या घासू लागल्या. पैसा साठविण्याकरिता त्यांची मूळ गावची रीत होती: दहा-पंधरा जणींनी दर आठवड्यास ठराविक रक्कम काढावयाची आणि आळीपाळीने एकीने ती सगळी उचलावयाची. बार्बाडोसात तीस 'मीटिंग टर्न' म्हणतात. आमच्या सौ. हे ऐकून उद्गारल्या, "म्हणजे आपली भिशीच की!" खरोखर ती भिशीच होय. पेढीने नाकारलेली घरे अशा पै-पैच्या भिशीने घेतली गेली.

कादंबरीतील सिला बॉइस ही अशा बायकांपैकी एक. तिला राहते घर विकत घ्यावयाचे आहे. याहून दुसरे काही तिला दिसत नाही. नवरा डेटन हा हसतमुख, छानछोकीचा, आज एक शिकू उद्या दुसरे असे मनोरे रचणारा. त्यास बार्बाडोसात थोडी जमीन वारशाने मिळते आणि आपण तेथे परत जाऊन टुमदार घर बांधू, या स्वप्नात तो रमतो. सिला खोटी पत्रे लिहून ती जमीन परस्पर विकविते. ते पैसे हाती येताच डेटन ते एका दिवसात भेटवस्तूंवर उधळून टाकतो. पुढे कारखान्यात त्याचा हात निकामी होतो, तो एका बुवाच्या पंथास लागतो, घर सोडतो. सिला सरकारला कळविते की, हा मनुष्य परवान्यावाचून या देशात राहिला आहे. त्यास परत धाडण्यात येते, आणि मायभूमीचा किनारा दृष्टीस पडला असता तो समुद्रात बुडून मरतो. सेलिनेचा जीव बापावर. आई तिला घर गिळून बसलेली दैत्यीण वाटते. परंतु लेखिकेचा न्याय असा की, पुस्तक संपेपर्यंत आपण सिलेला दोषी ठरवितो आणि तिच्यावाचून घर उभे राहिले नसते हेही कबूल करतो. घर हाती येत असता ती भाडेकरूंस एकेक करून दूर करते, खोल्यांचे तुकडे पाडते. आपल्यापैकी कोणाच्या घराण्यात अशी एखादी करारी काकू वा आत्या होऊन गेली नाही?

सेलिनेस तिची पायरी ज्या दिवशी कळते तो प्रसंग फार साधा आहे. ती कॉलेजात नृत्य करते, त्याचा गौरव होतो आणि मैत्रिणीच्या घरी सगळ्याजणी जमतात. मैत्रिणीची गोरी आई तिला बाजूस बसवून तुझे आईबाप कोठले, असे प्रेमाने विचारते आणि आपल्याकडे पूर्वी काम करणारी वेस्ट इंडियन बाई किती प्रामाणिक होती, ते वाखाणू लागते. एकही कठोर शब्द नाही, केवळ स्तुती. सेलिना तेथून पळत सुटते. आपल्या आईने रोज सकाळी बाहेर पडून काय सोसले, हे तीस त्या रात्री प्रथम कळते. हे पान वाचताना आमच्या मनात आमच्या घरी भांडी घासावयास येणाऱ्या बाईंची आम्ही पाहुण्यांपुढे केलेली स्तुती उभी राहिली, हे लपविण्यात अर्थ नाही.

दुपारी लुईस अ‍ॅव्हेन्यूवरील मेकन वाचनालयात गेलो. कार्नेजी यांच्या देणगीतून १९०७ साली उभारलेली ही लहानशी इमारत. आतील लाकडी बाके, कोनाड्यांसारख्या बसण्याच्या जागा आणि शेकोट्या अजून जुन्याच आहेत. पॉल मार्शल बालपणी येथे येऊन हाती येईल ते वाची. इंग्रजी कादंबऱ्यांतील सगळी माणसे गोरी. एके दिवशी तिला पॉल लॉरेन्स डनबार या कृष्णवर्णीय कवीचे पुस्तक सापडले आणि आपल्यासारख्यांविषयीही लिहिता येते, हे कळले. आपले मूळचे नाव टाकून तिने पुढे त्याच कवीचे नाव घेतले. अखेरचे अक्षर लिहिण्यापुरते, उच्चारावयाचे नाही. परंतु आपले खरे गुरू स्वयंपाकघरातील बायका होत्या, असे तिने १९८३ सालच्या एका निबंधात नमूद करून ठेवले आहे. दिवसभर फरश्या घासून आलेल्या आईच्या मैत्रिणी मेजाभोवती चहा घेत बसत आणि मालकिणी, महागाई, लढाई, मार्कस गार्वी, बाळंतपणे यांवर आपल्या बेटाच्या ठसकेबाज इंग्रजीत बोलत. बाहेर ज्यांस कोणी विचारीत नसे, त्या तेथे राजकारण चालवीत. कोपऱ्यात अभ्यासाचे निमित्त करून बसलेली मुलगी ऐकत असे. सौ. म्हणाल्या, "आमच्या माजघरात पापड लाटताना कोणी कान देऊन बसलं असतं, तर पुस्तक झालं असतं." आम्ही काय उत्तर देणार?

तिसऱ्या प्रहरी पुन्हा चॉन्सी स्ट्रीटवर आलो. एका घराच्या पायऱ्या सत्तरीच्या आतबाहेरील एक कृष्णवर्णीय बाई झाडीत होत्या. आम्हांस घराकडे टक लावून पाहताना पाहून त्या म्हणाल्या, "खरेदीला आला असाल तर सांगून ठेवते, हे घर विकायचं नाही." नातीने हातातील पुस्तक दाखविले. तेव्हा त्या हसल्या आणि बसा म्हणाल्या. त्यांची आई बार्बाडोसची. तिने १९५० नंतर हे घर घेतले, स्वतः खालच्या मजल्यावर राहिली आणि वरचे मजले भाड्याने दिले. आता घर विकण्याविषयी रोज पत्रे येतात, अनोळखी माणसे फोन करतात. शेजारची चार कुटुंबे गेली. त्यांचे म्हणणे खरे होते: २०१० ते २०२० या दशकात या भागातील कृष्णवर्णीय रहिवाशांची संख्या वीस हजारांहून अधिक घटली आहे आणि गोऱ्यांची त्याहून अधिक वाढली आहे. ज्यांना तांबड्या रंगाने कोंडून ठेवले, त्यांना आता भावाच्या चढाने बाहेर काढण्यात येत आहे. नात त्यांच्या मनगटाकडे चोरून पाहत होती. कादंबरीतील प्रत्येक बार्बेडियन मुलीच्या हातात जन्मापासून चांदीच्या दोन बांगड्या असतात. बाईंच्या हातात घड्याळ होते.

नातीने वही उघडून विचारले, "तुमच्या आई भाडेकरू कसे निवडीत?"

बाई झाडू टेकून उभ्या राहिल्या. "आपल्या बेटाचा माणूस असला तर लगेच. दक्षिणेकडून, कॅरोलायनातून, जॉर्जियातून आलेल्यांना ती देत नसे. खोली गेली म्हणायची. तेही आमच्यासारखेच काळे. पण ती म्हणायची, ते आपल्यातले नव्हेत."

हे ऐकून आम्हांस पुस्तकातील एक सभा आठवली. घरमालकांच्या संघात एक सभासद उठून सुचवितो की, संघाच्या नावातील 'बार्बेडियन' हा शब्द काढा आणि सगळ्याच कृष्णवर्णीयांस आत घ्या. सभागृहास ते रुचत नाही. बाई आत गेल्या. आम्ही तिघे पायऱ्यांवर बसून राहिलो. मग नातीने तो प्रश्न विचारला, जो कधीतरी येणार हे आम्ही जाणून होतो.

"आजोबा, आपल्या वाड्यात सात बिऱ्हाडं होती ना? ती कशी निवडत?"

सदाशिव पेठेतील आमच्या वाड्याची कीर्ती आम्ही तिला लहानपणापासून ऐकविली होती: चौक, विहीर, पारिजातक, गणेशोत्सवातील आरास, एका घरी पाहुणा आला की सात घरच्या वाट्या. ते सर्व खरे होते. परंतु १९६१ सालच्या जुलैत पानशेतचे धरण फुटले, त्यानंतरच्या पंधरवड्यातील एक गोष्ट आम्ही कधी सांगितली नव्हती. नदीकाठच्या पेठा वाहून गेल्या होत्या. माणसे जागेकरिता दारोदार हिंडत होती. आमच्या वाड्यात जिन्याखालची एक खोली रिकामी होती. एक तरुण शिक्षक आले. पांढरा सदरा, हातात छत्री, बोलणे अत्यंत शुद्ध. आमचे वडील, त्यांस आम्ही अण्णा म्हणत असू, त्यांनी त्यांस ओट्यावर बसविले, शाळेचे विचारले, चहाही सांगितला. मग आडनाव विचारले. ते ऐकल्यावर अण्णा क्षणभर थांबले आणि म्हणाले, "उद्या सकाळी या, घरात विचारून सांगतो." दुसऱ्या दिवशी ते आले तेव्हा अण्णा पूजेस बसले होते. त्यांनी आम्हांस खाली पाठविले. आम्ही बारा वर्षांचे. जाऊन काय सांगावयाचे तेही पढविले होते. आम्ही दिंडीत उभे राहून म्हणालो, "जागा गेली." त्या गृहस्थांनी जिन्याखालच्या उघड्या दाराकडे पाहिले, मग आमच्याकडे पाहिले. "बरं बाळ," एवढे म्हणून ते गेले. खोली दिवाळीपर्यंत रिकामी होती.

अण्णा दुष्ट नव्हते. पूरग्रस्तांस त्यांनी धान्य दिले, पांघरुणे दिली. जोतीराव फुले यांनी 'गुलामगिरी' हे पुस्तक १८७३ साली आमच्याच पुण्यात लिहून अमेरिकेतील सज्जनांस अर्पण केले होते, कारण त्यांनी गुलामांस मुक्त करण्यासाठी झीज सोसली होती. ते पुस्तक अण्णांच्या कपाटात होते. हार्लेमपासून हाकेच्या अंतरावरील कोलंबिया विद्यापीठात १९१३ ते १९१६ शिकून परतलेल्या डॉ. आंबेडकरांस बडोद्यात राहावयास जागा मिळाली नाही, हेही अण्णांस ठाऊक होते आणि ते त्याविषयी हळहळतही असत. हळहळणारे गृहस्थ आणि जिन्याखालची कुलूप न लावलेली खोली, ही दोन्ही एकाच घरात सुखाने नांदत होती.

नातीने पुष्कळ वेळ काही लिहिले नाही. मग विचारले, "त्यांचं नाव आठवतं?" आम्ही नाव सांगितले. ते येथे देत नाही. ते त्यांचे आहे, आमच्या लेखाच्या शोभेकरिता नव्हे. "पुढे काय झालं त्यांचं?" ते आम्हांस माहीत नव्हते. आम्ही पासष्ट वर्षांत कधी शोध केला नव्हता.

"मी हे निबंधात लिहू का?"

सौ. चटकन म्हणाल्या, "अगं, घरातली गोष्ट परक्यांच्या शाळेत कशाला? आरास लिही, पारिजातक लिही." त्यात त्यांचा दोष नाही. अण्णांनी त्यांस मुलीसारखे वागविले होते. शिवाय परदेशात, जेथे आपल्या माणसांची ओळख आधीच चार वेड्यावाकड्या शब्दांत होते, तेथे आपण होऊन उणे का सांगावे, हाही विचार पोकळ नाही. नात आजीच्या तोंडाकडे आणि मग आमच्याकडे पाहू लागली.

पुस्तकाच्या शेवटी सेलिना ब्रुकलिन सोडून आईबापांच्या बेटांकडे जावयास निघते. नवी सरकारी घरे बांधण्यासाठी तिच्या ओळखीची जुनी घरे पाडण्यात आलेली असतात. त्या ढिगाऱ्यांजवळून जाताना ती हातातील दोन बांगड्यांपैकी एक काढून मागे भिरकावते. एक हातात राहते. आम्ही प्रथम वाचताना हा शेवट नुसता चमत्कारिक वाटला होता. त्या पायऱ्यांवर बसून आम्ही मनाशी हिशेब केला. आमचा वाडाही पाडला गेला आहे. त्या जागी सात मजली इमारत आहे, आणि तिच्या तिसऱ्या मजल्यावरील आमच्या वाट्याच्या जागेच्या पैशातूनच आमची ही यात्रा झाली. विहीर बुजली, पारिजातक गेला. राहिल्या त्या सांगण्याच्या गोष्टी. त्यांतील कोणती ठेवावी आणि कोणती टाकावी, हे आजवर आम्हीच ठरवीत आलो होतो.

आम्ही म्हणालो, "आरासही लिही. पारिजातकही लिही. आणि हेही लिही. खोटं मी बोललो, हे विसरू नकोस. नुसतं अण्णांच्या नावावर टाकू नकोस."

सौ. काही बोलल्या नाहीत. थोड्या वेळाने त्यांनी नातीची वही आपल्या हाती घेतली, पारिजातकाच्या ओळीखाली बोट ठेवले आणि म्हणाल्या, "तो चौकात नव्हता, विहिरीपाशी होता. लिहायचंच तर नीट लिही."

परतीच्या गाडीत नात लिहीत होती. बोगद्यात शिरल्यावर खिडकीच्या काळ्या काचेत आमची तिघांची प्रतिबिंबे दिसू लागली. निबंधास शाळेत काय शेरा मिळाला, ते तिने अद्याप कळविलेले नाही. पुण्यास परतल्यावर आम्ही त्या शाळेत जाऊन १९६१ सालचे हजेरीपट अजून आहेत काय, याची चौकशी केली. लेखनिक म्हणाले, जुनी कागदपत्रे वरच्या माळ्यावर आहेत, सोमवारी या. येत्या सोमवारी जावयाचे आहे.